पेटीपुरती कृपा

त्या रविवारी आर्डिस टोलेफसनच्या तळघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अर्धं चर्च जिना उतरून खाली आलं होतं. हातात कॉफीचे कप, अंगावर जाड कोट, आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे. खिडकीखाली काळ्या दगडांची पेटी, पेटीवर मुठीएवढं यंत्र, यंत्रावर आकडा: एक पूर्णांक दोन.

गेल्या आठवड्यात तोच आकडा अकरा होता.

"आली का प्रचिती?" पेटी आणणाऱ्या ब्रदर गेलननं डोळे मिटून विचारलं. "दगड हे भूमीचं लेकरू. लेकराला आईचा श्वास कळतो. विष आलं रे आलं, की गटकन पितं! आणि ही नळी बघा, ही त्याची नाळ. प्यालेलं विष इथून खिडकीबाहेर. आणि ही गुणगुण ऐकू येते ना? दगड प्रार्थना म्हणतायत!"

पेटीतून खरंच बारीक गुणगुण येत होती. दोघीतिघींनी डोळे पुसले.

आयोवातल्या त्या गावात रेडॉन म्हणजे काय ते शाळकरी पोरंही सांगतील. जमिनीतून येणारा वायू. रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात बंद घरात साठतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप फुफ्फुसं पोखरतो. आकडा चारवर गेला, की राज्याचा परवाना असलेला माणूस बोलावून घर दुरुस्त करून घ्यायचं. आर्डिसचा नवरा ऑर्विल याच तळघरात लाकडाची बदकं कोरत बसायचा. जन्मात सिगारेटला शिवला नाही, आणि गेला फुफ्फुसाच्या कर्करोगानं. रेडॉननंच गेला असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत; पण आर्डिसनं रेडॉन मापायचं हे यंत्र आणलं, ते तेव्हा. आता तिची लेक सिग्ने बाळंतपणाला टेकली होती. जावयाचा कारखाना बंद पडलेला. बाळासकट तिघांचा संसार याच तळघरात थाटायचा होता.

"पण ब्रदर, तुमच्याकडे परवाना...?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मोशेनं समुद्र दुभंगला, तेव्हा कुठल्या खात्यानं त्याला परवाना दिला होता?"

हशा पिकला. शेजारचा वर्लिन खोकत खोकत म्हणाला, "परवानेवाल्याला यायला दीड महिना लागतो. ब्रदर दुसऱ्याच दिवशी दारात!"

"नियम दोनच," ब्रदरनं बजावलं. "पेटी उघडायची नाही, आणि यंत्र पेटीवरून हलवायचं नाही. शंका घेतली की दगड रुसतो."

हे नियम दुसऱ्या गावात टिकले नसते. पण इथली माणसं बशीतला शेवटचा तुकडासुद्धा भिडेपोटी तसाच ठेवतात. पाहुण्यानं मांडलेली वस्तू हलवायची, म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडण्यासारखं. एखाद्याचं अगदीच पटलं नाही, तर "वेगळंच आहे हं" एवढंच म्हणायचं. याहून मोठी शिवी त्यांना येत नाही. ब्रदरनं माणसं बरोबर हेरली होती.

मंडळी गेल्यावर सिग्ने पोटावर हात ठेवून जिन्यात बसली.

"आई, पाळणा कुठं ठेवायचा?"

"त्या कोपऱ्यात. तिथं ऊब असते."

"आणि एक पूर्णांक दोन कुठं आहे?"

"पेटीवर. पाहिलास ना."

"मग बाळाला पेटीवर झोपवू?"

"असं बोलू नये गं, सिग्ने."

"का? दगड रुसेल?"

आर्डिसला राग आला. मग राग ओसरला आणि भीती वाटली. तिनं यंत्र उचललं, तेव्हा चोरी केल्यासारखे तिचे कान तापले. रिकाम्या पाळण्यात उशीपाशी तिनं ते ठेवलं. त्याला नवी हवा मोजायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवस तिकडे फिरकली नाही.

पाळण्यातला आकडा बारा.

तिनं पेटीचं भोकाभोकांचं झाकण काढलं. वर जाळीवर दगडांचा एकच थर, रस्त्यावरची खडी काळ्या रंगात बुडवलेली. खाली एक छोटा पंखा. प्रार्थना म्हणत होता तो. आर्डिसनं गाल जाळीजवळ नेला, तर गालाला बर्फाचा गारवा लागला. नळीतून विष बाहेर जातच नव्हतं; बाहेरची ताजी हवा आत येऊन थेट यंत्राच्या तोंडावर फुंकली जात होती. कृपा होती ती वीतभर. तिच्या पलीकडे खोलीभर तेच जुनं विष.

पुढच्या रविवारी तशीच दुसरी पेटी वर्लिनच्या तळघरात बसली. ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश खाऊन सगळे खाली आले. आर्डिसनं कागदी रुमालाची एक पट्टी फाडली आणि पेटीवर धरली. पट्टी फडफडत वर उडाली.

"ब्रदर, दगड हवा पितात ना? मग ही खाली ओढली जायला हवी. वर का उडतेय?"

"हा... हा श्रद्धेचा वारा आहे, भगिनी!"

"मग श्रद्धेचं टोक खिडकीबाहेर कशाला काढलंत?" म्हणत तिनं खिडकीतून नळी ओढून पंज्यानं दाबली. पट्टी लुळी पडली. झाकण उघडलं. पंखा सगळ्यांनी पाहिला.

ब्रदर कोट घालून निघाला. सवयीनं कुणीतरी त्याला दार उघडून दिलं. वर्लिनची बायको लव्हॉन बशा गोळा करत, वर न बघता म्हणाली, "वेगळंच वागलीस हं, आर्डिस."

दीड महिन्यानं परवानेवाली आली, डॉन प्रोहास्का. तिनं फरशीला भोक पाडून जमिनीखालची हवा नळानं ओढली आणि छपराच्या वर सोडली. मग धुराची कांडी पेटवून पाणी तापवायच्या बंबापाशी धरली.

"हे कशाला?" आर्डिसनं विचारलं.

"पंखा चुकीचा बसला तर बंबाचा धूर घरात उलटतो, बाई. रेडॉन वर्षांनी मारतो, तो धूर रात्रीत. यासाठी शिकवतात, परीक्षा घेतात, मग परवाना देतात. आणि माझं काम मी तपासायचं नाही. आकडा दुसरा माणूस बघेल."

"तुझ्यावर विश्वास नाही म्हणून?"

"कुणावरच ठेवायला लागू नये म्हणून."

दुसरा माणूस आला, यंत्र पाळण्यात ठेवून गेला. आकडा दोनच्या आत आला, तेव्हा कुठं सिग्नेचं तान्हं बाळ आजीच्या खोलीतून खाली गेलं.

वर्लिनच्या खिडकीत मात्र नळी परत लागली होती. त्याचा खोकला अंगणापर्यंत ऐकू येई. आर्डिस आपलं यंत्र घेऊन गेली. लव्हॉननं दार अर्धंच उघडलं.

"त्यांना पेटीनं बरं वाटतं गं. आता या वयात त्यांचं तेही काढून घेऊ?"

"काढू नकोस. हे फक्त त्यांच्या उशाशी ठेव. दोन दिवस."

लव्हॉननं हात पुढे केला नाही. आर्डिसनं यंत्र ओसरीतल्या खुर्चीवर ठेवलं आणि ती परतली.

वाचणाऱ्यांनो, ब्रदर गेलन दुसऱ्या गावी गेलाय, कदाचित तुमच्याच. त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा चमत्कार त्यानं सांगितलेल्या जागेवरून उचला आणि तुमचं माणूस जिथं श्वास घेतं तिथं नेऊन मोजा. मोजणारा तिसराच असू द्या. खरं असेल ते तिथंही खरंच राहील.