परकीची सही

थोरली सून मागच्या भिंतीला माती लिंपत होती, तेवढ्यात धाकटा दीर घराला गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाइकानं भिंतीला बोट लावलं, बोटाचा चिखल बघितला आणि म्हणाला, "आपल्याला जागा हवी. घर पाडायचंच आहे."

"मग वहिनी, उगाच कशाला राबता?" धाकटा हसला.

आम्ही शेजारी. मध्ये नुसतं काट्याचं कुंपण, हसलेलंही ऐकू येतं.

थोरलीचा हात थांबला नाही. "भाऊजी, गेल्या पावसात ही भिंत बसली तेव्हा कुठं होता तुम्ही? मामंजी अंथरुणाला खिळले नि गेले तेव्हा? आता बरे आलात, आयत्या बिळावर नागोबा."

"दादा राजी आहे. विचारा त्याला."

दादा, म्हणजे तिचा नवरा, उंबऱ्यात बसून अंगठ्यानं माती उकरत होता. धाकट्यापुढं याच्या तोंडात कायमची मिठाची गुळणी.

"राजी आहात? मला कधी सांगणार होता? छपराखालून ओढून काढल्यावर?"



एवढ्यात बाहेर उभ्या धाकट्याच्या गाडीतून आक्का उतरली, या दोघांची बहीण. धाकट्यानं तिला सहीपुरतं आणलं होतं. नणंद-भावजयीत विस्तव जात नव्हता, त्यामुळं तो निर्धास्त होता.

"आक्का, इथं सही कर. हक्क सोडला एवढंच आहे."

"घर पाडणार म्हणतोय हा माणूस. मला बोलला नाहीस."

"तुला काय करायचंय? तू आता परक्या घरची."

आक्कानं पेन उचललं होतं, ते तसंच धरलं. "आई गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू फोन उचलत नव्हतास. तेव्हा परकी नव्हते?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"म्हणालास ना. मग परकीची सही कशाला पाहिजे तुला?" तिनं पेन त्याच्याच खिशात खोचलं.

"आधी घरातलं मिटवा," म्हणून गिऱ्हाईक चालू लागलं. दोघींना कोर्टात खेचीन म्हणत धाकटा त्याच्यामागं धावला. गाडी गेली ती आक्काला इथंच टाकून.

थोरलीनं डोळे पुसले नि गालभर चिखल माखून घेतला.

"तुझ्यासाठी नाही केलं हे," आक्का म्हणाली. "माहेरी आले की तुझ्या कपाळाला आठ्या. सुखाचा घास नाही गिळू दिलास कधी."

"तुम्ही तरी माझ्या आईबापाचा उद्धार करायचा कुठं बाकी ठेवला? चिखल वाळतोय. हात लावणार असाल तर लावा."

आक्कानं पदर खोचला.

मग थोरली नवऱ्याकडं वळली. "उठा. पाणी आणा. आणि पुन्हा कुणापुढं राजी व्हायचं झालं, तर आधी मला विचारायचं."

तो उठला. कोर्टाचं पुढं काय व्हायचं ते होईल. त्या दिवशी मात्र तो सांजेपर्यंत मुकाट घागरी वाहत होता, आणि दोघी एकमेकींची उणीदुणी काढत भिंत लिंपत होत्या.