दहा मिनिटं पुढचं घड्याळ

लेकीचं, जागृतीचं पहिलं कीर्तन पाचला उभं राहणार होतं आणि चंद्रकांताकाकू साडेचारलाच नऊवारी नेसून, देवापुढे दिवा लावून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. कीर्तनाला बसायचं तर नीटनेटकं बसायचं, मग ते कीर्तन दूर मिरजेकडच्या मठात का असेना. जायची तर त्यांची फार इच्छा होती. पण विक्रमकाका पायाला प्लास्टर घालून आतल्या खोलीत पडलेले. त्यांना बोईसरात एकटं टाकून कुठं जाणार?

मठानं त्यावर सोय काढली होती. वेबसाइटवर नाव नोंदवायचं, पासवर्ड टाकायचा, की कीर्तन थेट घरात. पासवर्डाची काकूंना अडचण नव्हती. गॅसला, बँकेला, सगळीकडे त्यांचा एकच पासवर्ड. देव एक तसा पासवर्ड एक. त्यांचा स्मार्टफोन मात्र जागृतीबरोबर गेला होता, कारण त्यातल्या ॲपचा तंबोरा सुरेल वाजायचा आणि पोरीला सूर धरायला तोच हवा होता. घरात उरला काकांचा बटणांचा फोन आणि हा जुना कॉम्प्युटर.

काकूंनी पत्ता टाइप केला, हात जोडले आणि बटण दाबलं. कीर्तन नाही, मठ नाही. पडद्यावर एक लाल त्रिकोण आणि खाली ठळक अक्षरं : तुमचे कनेक्शन खाजगी नाही.

काकूंनी पडदा बंद करून परत लावला. त्रिकोण होता तिथंच. मग बटणांच्या फोनचा स्पीकर लावून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या हेतलला गाठलं. ती पालघरला एका सीएकडे कामाला. तिनं तिकडे आपल्या मोबाइलवर मठाची साइट उघडून बघितली.

"काकी, इथं तर मस्त उघडते," हेतल म्हणाली. "तुम्ही 'प्रगत' दाबा, खाली 'तरीही पुढे जा' येईल, तेपण दाबून टाका. आमी रोज तेच करतो."

काकूंचं बोट माउसवर गेलंच होतं.

"हात लावू नकोस त्याला," आतून आवाज आला.

विक्रमकाका तारापूरच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटचं काम करणारे. गेज, मीटर, भोंगे यांतच त्यांचं आयुष्य गेलेलं. भोंग्याचा त्रास होतो म्हणून त्यात कापूस कोंबणाऱ्या कुणा कामगाराची आणि मग उतू गेलेल्या टाकीची गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगितली. अलार्म वाजतोय म्हणजे कशासाठी तरी वाजतोय. आधी कारण शोधायचं. आणि तुझा तो एकुलता एक पासवर्ड भलत्याच्या हाती गेला, तर कीर्तनाबरोबर बँकही थेट प्रक्षेपित होईल, हेही ऐकवलं.

"एवढं कळत होतं तर सप्ताहाच्या मंडपात शिडीवर हेल्मेट न घालता का चढलात?"

"हेल्मेटानं पाय वाचला असता का?"

काकू पुन्हा त्रिकोणाकडे वळल्या. पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता. पोरीनं सहा वर्षं साधना केली, आणि तिनं पहिलं नमन धरावं तेव्हा आई समोर नसावी?

काका मात्र जागेवरून हुकूम सोडत होते. हेतलकडे साइट उघडते म्हणजे मठाचं सगळं ठीक आहे, दोष आपल्या घरात आहे. दुसरी एखादी साइट उघडून बघ. काकूंनी गॅसची उघडली; तिथंही त्रिकोण. आता 'प्रगत' दाब, पण पुढे जाऊ नकोस, तिथलं बारीक अक्षरांतलं सगळं वाच. काकूंनी चष्मा पुसून वाचलं. साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, किंवा तुमचे घड्याळ पुढे असू शकते.

प्रमाणपत्र म्हणजे काय, हे काकांनी आतूनच समजावलं. गेजवर स्टिकर असतं ना, अमक्या तारखेपर्यंत खात्रीचं? तसंच. तारीख उलटली की त्या गेजवर कुणी विश्वास ठेवायचा नाही.

पण काकूंचं लक्ष दुसऱ्याच शब्दांवर खिळलं होतं. घड्याळ पुढे. त्यांनी मान वर केली. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढेच होतं. कंपनीची बस चुकू नये म्हणून या कॉलनीतल्या घरोघरी ते तसंच असतं, आणि लग्न होऊन आल्यापासून काकूंना ते खटकत आलेलं. देवाला नैवेद्यसुद्धा खोट्या वेळेला. हे या यंत्राला कसं कळलं, कोण जाणे. पण करून बघायला काय जातं? त्या स्टुलावर चढल्या आणि काटा दहा मिनिटं मागे आणला.

त्रिकोण हलला नाही.

स्टूल सरकल्याचा आवाज काकांनी ऐकला होता. काकूंनी काय केलं ते सांगितल्यावर ते प्लास्टर हलेपर्यंत हसले. "अगं, भिंतीवरचं नव्हे. त्याचं स्वतःचं घड्याळ बघ. खाली कोपऱ्यात. वेळ आणि तारीख."

वेळ बरोबर होती. तारीखही बरोबर होती. फक्त वर्ष पुढचं होतं.

काकूंना सकाळची गोष्ट आठवली आणि हसू आलं. सकाळी भजनी मंडळाच्या बायकांनी विचारलं होतं की पुढच्या वर्षी सप्ताहाची सांगता आजच्याच तारखेला येते, तर तो रविवार आहे का. वाणगावपर्यंतची माणसं येतात, सुट्टी असलेली बरी. भिंतीवरचं कॅलेंडर याच वर्षाचं. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरची तारीख उलटून उलटून पुढच्या वर्षात नेली होती, रविवार सापडल्याच्या आनंदात 'बदला' दाबलं होतं आणि स्वयंपाकाला निघून गेल्या होत्या. म्हणजे सकाळपासून हे यंत्र पुढच्या वर्षात बसून मठाचं प्रमाणपत्र तपासत होतं. त्याला ते शिळं दिसणार नाही तर काय?

त्यांनी गुपचूप वर्ष मागे आणलं. बटण दाबलं. त्रिकोण गेला, पासवर्डाची चौकट आली, आणि मग मठ.

पाच वाजून गेले होते. काकूंनी डोळे मिटूनच घेतले. कानावर आवाज आला तो मठाच्या अध्यक्षांचा. सत्कार चालले होते. शालीमागून शाल, आभारामागून आभार. लांबलेल्या भाषणावर इतकी वर्षं कुरकुरणाऱ्या काकूंनी त्या माणसाला मनापासून आशीर्वाद दिला.

"काय होतं गं?" आतून प्रश्न.

"घड्याळच पुढे होतं."

"मी काय म्हणत होतो?" आणि वॉकरची टकटक दारापर्यंत आली.

पडद्यावर जागृती उभी राहिली. पेटीवाल्याकडे बघून हसली, बाजूला ठेवलेल्या आईच्या फोनला बोट लावून तंबोरा सुरू केला, आणि तेच बोट कपाळाला नेलं. पहिला सूर थोडा थरथरला. दुसरा लागला तो गाभाऱ्यातल्या घंटेसारखा. काकूंनी बसल्या जागी टाळी धरली, काकांनी वॉकरच्या दांड्यावर.

नमन संपता संपता काकांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. काटा पुन्हा दहा मिनिटं पुढे न्यायला सवयीनं त्यांनी स्टुलाकडे हात केला.

"राहू द्या," काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "बस काही आज येत नाही. बसा इथं."

काका बसले.