आतला खिसा

वकीलसाहेब दोन पावलं मागे सरले, ते मी पाहिलं. आता आमच्या ह्यांच्या डोक्यात काहीतरी शिजणार, हे शिवणाच्या दुकानाच्या मागच्या बाजूला काजं करत बसल्या बसल्या मला कळून चुकलं.

तसं झालं काहीच नव्हतं. वकीलसाहेबांच्या अंगावर कच्च्या शिलाईचा कोट होता, बाह्या अजून जोडायच्या होत्या, आणि हे त्यांच्या कमरेपाशी वाकून टाचण्या लावत होते. वाकताना सदरा वर सरकला. पोटातून बाहेर काढलेली नळी आणि तिच्या टोकाला लोंबणारी प्लास्टिकची पिशवी वकीलसाहेबांना दिसली. अर्धी भरलेली होती, रंग उरलेल्या चहासारखा. माणूस वाईट नाही हो. मागे सरल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी, कारण घाईघाईने म्हणाले की मास्तर, आत एक खिसाही ठेवा, चष्म्यापुरता. ह्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. नुसती मान हलवली आणि उरलेलं काम हात लांब ठेवून पुरं केलं.

आयुष्यभर लोकांच्या अंगाला हात लावून पोट भरलेला माणूस. कुणी त्यांना कधी लांब ठेवलं नव्हतं. आणि नीटनेटकेपणा तर असा, की विचारू नका. मला पहिल्यांदा बघितलंत तेव्हा काय वाटलं, असं मी एकदा लाडात येऊन विचारलं, तर म्हणाले, तुझ्या डाव्या खांद्याची शिलाई ओढली होती. यावर बायकोने काय बोलायचं? मी दोन दिवस अबोला धरला, त्यांना तो कळलासुद्धा नाही.

दुखणं आलं ते असंच, काही निरोप न देता. पित्ताशयातला एक खडा खाली सरकला आणि जठराच्या मागचं स्वादुपिंड सुजलं. आधी त्या अवयवाचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं. ओळखीपाळखीचे कुजबुजायला लागले की हे दारूनेच होतं, मास्तर छुपे रुस्तम निघाले. माझे दीर पलंगाशी बसून म्हणाले, दादा, पीत होतास तर एकट्याने कशाला, मला हाक मारायचीस. हे हसले, आणि हसताना पोट धरून विव्हळले. सुजेतून पाझरलेला रस पोटात एका जागी साठला आणि त्याच्याभोवती पापुद्रा धरला. त्याची गाठ झाली, पाण्याने भरलेली. बाहेरून हात लावला तरी लागायची.

सर्जन तरुण होते, पण बोलायला शांत. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. खरं ऑपरेशन वेगळं असतं, म्हणाले. जठर आणि ही गाठ एकमेकांना चिकटूनच असतात, तर दोन्हींमध्ये एक खिडकी पाडायची आणि कडा शिवून टाकायच्या. मग आतलं पाणी जठरात उतरतं आणि गाठ हळूहळू आक्रसते. काही दिवस नाकात नळी, तोंडाने काही नाही. मग पाणी, मग पातळसर काहीतरी, आठवडाभराने घरी. जड उचलायचं नाही, तेलकट खायचं नाही. पण त्यासाठी गाठीची भिंत जाड व्हावी लागते, आणि तुमची अजून ओल्या कागदासारखी आहे. त्यात आतलं पाणी बिघडायला लागलंय, म्हणून तोवर नळी घालून ते बाहेर काढायचं.

ह्यांनी एकच विचारलं. "म्हणजे आत्ता टाका धरणार नाही?"

"नाही धरणार," सर्जन म्हणाले.

बाहेर आल्यावर हे खूश होते. म्हणाले, माणूस कसबी आहे, कच्च्या कापडावर टाका घालत नाही. मला मात्र सर्जनांचं शेवटचं बोलणं कानात घुमत राहिलं. पिशवी कायम पोटाच्या खाली राहू द्या, नळीला मोड पडू देऊ नका. पाणी रोज थोडं थोडं कमी होत गेलं तर चांगलं. एकदम थांबलं तर मात्र खूश होऊ नका, लगेच या. थंडी वाजली, ताप आला, तरी लगेच या.

तर वकीलसाहेब गेले, आणि ह्यांनी त्यांच्याच कोटाचं अस्तर पुढे ओढलं. काळं, बारीक करड्या रेघेचं, गुळगुळीत. कोटापुरतं कापून जो तुकडा उरला होता त्यातून ह्यांनी पिशवीसाठी एक पिशवी बेतली. मी म्हटलं, हे खिशाला ठेवलेलं कापड आहे ना. तर म्हणाले, खिशाचं बघू. दुपारभर जेवायला उठले नाहीत. कमरेला पट्टा, पट्ट्याला आतून ती कप्प्यासारखी पिशवी, वर झाकण, झाकणाला दोन बटणं. घालून, वर सदरा सोडून माझ्यासमोर गोल फिरले. कुठे काही दिसत नव्हतं. नवरदेवासारखे उभे होते, आणि मला हसू आलं ते मी लपवलं नाही.

"पण ती खाली लोंबायला हवी ना?" मी विचारलं.

"खालीच आहे. जरा बाजूला घेतलीय इतकंच."

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसून त्यांनी दिवसभर काम केलं. संध्याकाळी पिशवी काढून बघितली, तर तळाला जेमतेम ओल. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीही नाही. मला हाक मारून पिशवी उजेडात धरून दाखवली. दीर आले होते, तेही म्हणाले, वहिनी, सुटलो बघा, दादा कोरडा झाला. मी सर्जनांचं बोलणं काढलं. एकदम थांबलं तर लगेच या म्हणाले होते. हे म्हणाले, एकदम कुठे, आधीपासूनच कमी होत होतं. वकीलसाहेबांचा कोट देऊन टाकू, मग जाऊ. दीर म्हणाले, वहिनींना सुखाचं काही पचतच नाही. सगळे हसले, आणि घरात एकटी मीच रडकी ठरले.

त्या रात्री त्यांनी आणखी एक केलं, ते मला नंतर कळलं. आता पिशवी रिकामी करायची नाही तर बटणं कशाला, उगाच सदऱ्यावर उठून दिसतात, म्हणून ती काढून टाकली आणि झाकण बारीक हातशिलाईने शिवून बंद केलं.

सकाळी त्यांचा चेहरा मला आवडला नाही. डोळे लालसर, ओठ सुके. कपाळाला हात लावायला गेले तर मान फिरवली. बाहेर चांगलं ऊन होतं, तरी इस्त्रीपाशी सरकून बसले. कोटाला इस्त्री फिरवायची आणि मग तळहात तिच्या जवळ धरून ठेवायचा, असं दोन-तीनदा करताना मी पाहिलं. थंडी वाजतेय का, विचारलं तर म्हणाले, इस्त्री तापलीय का बघतोय. एवढी वर्षं त्यांनी इस्त्री कधी तळहाताने बघितली नव्हती. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, बाह्या लावतो, मग चल म्हणशील तिथे येतो.

मी काजं घेऊन बसले, पण सुई हातात धरवेना. मशीनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मग बराच वेळ आलाच नाही. उठून गेले, तर हे कोट समोर धरून बसले होते आणि त्यात नेमकं काय चुकलंय ते त्यांना सापडत नव्हतं. मला दारातूनच दिसलं. डाव्या हाताची बाही उजव्या मुंढ्याला लावली होती. कोपर पुढच्या बाजूला वळलेलं, कुणीतरी हात पिरगाळून ठेवल्यासारखं. शिकाऊ माणूससुद्धा असं करत नाही. ह्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

तेव्हा मी फार घाबरले. दिरांना फोन केला, आणि ह्यांना काखेत हात घालून उठवलं. अंग भाजत होतं.

हॉस्पिटलात सिस्टरने सदरा वर केला आणि पट्टा बघून चकित झाली. नळी कुठून जाते तेच तिला दिसेना, झाकण उघडेना. तिने कात्री घेतली. तेवढ्यात ह्यांनी तिचं मनगट धरलं. कुठून जोर आला कोण जाणे.

"कापू नका. ही उसवेल."

सिस्टर चिडली, आणि बरोबरच होतं तिचं. मी तिच्या हातातली कात्री घेतली आणि टोकाने टाका उचलला. जन्मभर उसवत आलेय, मला वेळ लागला नाही. झाकण सुटलं आणि आत सगळं दिसलं. पट्ट्याच्या काठाशी नळी दुमडून चपटी झाली होती, कोटाच्या घडीला मारावी तशी तिच्यावर जणू इस्त्री फिरली होती. हे मशीनवर बसले की तिथेच वाकत होते. कोरडं काही पडलं नव्हतं. सगळं आतच राहिलं होतं.

नळी सरळ केली तरी काही आलं नाही. सिस्टरने पिचकारीने थोडं पाणी सोडलं, आणि मग जे यायला लागलं ते बघून दीर बाहेर निघून गेले. खोलीत वास सुटला. हे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना सगळं समजलं होतं.

सर्जन आले. रागावले नाहीत, त्यानेच मला जास्त भीती वाटली. थोडे आठवडे मिळाले असते तर बरं झालं असतं, इतकंच म्हणाले. आता विष अंगात पसरलंय, पोट उघडून धुवावं लागेल, थांबता येणार नाही.

"खिडकी पाडणार?" ह्यांनी विचारलं.

"नाही मास्तर. धुऊन मोकळं ठेवणार. शिवण्यासारखं आत काही नाही."

ह्यांनी मान हलवली. मापं घेताना गिऱ्हाइकाने काही सांगितलं की हलवायचे, तशीच. मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घरातलं काही सांगतील. मी रडायच्या बेतात होते.

"तो तुकडा टाकू नको," म्हणाले. "त्या रेघेचं अस्तर आता मिळायचं नाही. गरम पाण्यातून काढ आणि वकीलसाहेबांचा खिसा कर. बाही नीट बघून लाव."

"अहो, तुम्हीच लावाल की येऊन."

"तुला येतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. मला ते ऐकायचं नव्हतं.

ऑपरेशन झालं. मग श्वासाच्या मशीनला लावून ठेवलं, मग एक दिवस सर्जनांनी आम्हाला आत बोलावलं आणि दाराजवळच्या खुर्च्यांवर बसायला सांगितलं. हे पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत.

दुकान उघडलं तेव्हा कोट होता तिथेच होता, पिरगाळलेल्या हातासकट. मी बाही उसवली. पुन्हा लावली, पुन्हा उसवली, आणि तिसऱ्यांदा ती पडायला हवी तशी पडली. अस्तराचा तुकडा उकळून घेतला होता, वाळवला होता. पट्ट्याच्या शिलाईची भोकं होती तो भाग आत दुमडला आणि चष्म्यापुरता खिसा केला. काम करताना मला वकीलसाहेबांचा फार राग येत होता. तुम्ही ती दोन पावलं मागे सरला नसतात, तर. मनात वाक्य तयार ठेवलं होतं. खिशात हात घालतील तेव्हा सांगायचं, हे कापड कुठे होतं ते.

ते आले ते भेटायला. कोटाचं नावही काढलं नाही, टोपी हातात घेऊन उभे राहिले. मीच कोट पुढे केला. त्यांनी घातला. आरशात बघितलं, दोन्ही हात वर केले, खाली सोडले. कुठे सुरकुती पडली नाही. मग आतला खिसा त्यांच्या बोटांना लागला. चष्मा काढून आत ठेवला आणि त्यावर हळूच थोपटलं.

"लक्षात ठेवलं त्यांनी," म्हणाले.

मी तयार ठेवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते गिळलं. हे असते तर गिऱ्हाइकाला असं बोलू दिलं नसतं.

कोटाच्या कडेला कच्च्या शिलाईचा एक पांढरा दोरा राहिला होता. मी त्यांच्या कमरेपाशी वाकले आणि तो उसवून काढायला लागले. बारीक होता, सापडायला वेळ लागला. तोवर वकीलसाहेब जागचे हलले नाहीत.