ब्रह्मा घाटाच्या कलत्या भिंतीचा ओळंबा

या मित्रांनो, जवळ सरका. कीर्तनाला पुढची जागा धरून बसतात तसे बसा, म्हणजे काशीतल्या एका भिंतीची कथा सांगतो.

मी एक जुना ओळंबा आहे. ठठेरी बाजारात पितळेचा घडलो, मोहन मिस्त्रीच्या थैलीत वाढलो. दोरीला लटकायचं आणि प्रत्येक भिंतीवर संशय घ्यायचा, एवढीच सेवा देवानं मला दिली.

१९९४ साल. ब्रह्मा घाटाजवळ दोन घरांच्या मधे एक घर कोसळलं होतं. उरलेली जागा जेमतेम सात हात रुंद. गल्लीत हातगाडी शिरेना, सामान डोक्यावरून येई. पडक्या घराच्याच विटा आणि चुना वापरून तिथल्या तीन भाडेकरूंना परवडतील अशा खोल्या बांधायच्या, मधे उजेडासाठी चौक ठेवायचा, असं विद्युल्लता इंजिनीअरताईंनी ठरवलं. तळाची खोली अंबिकामावशींची. घर पडल्यापासून त्या एका मठाच्या ओसरीत निजत होत्या.

पहिल्याच दिवशी मला शेजारच्या वेणीमाधवशास्त्रींच्या भिंतीवरून सोडलं. भिंत वीतभर कललेली निघाली, आणि नेमकी मावशींच्या खोलीवर. जागा हडपायला ही इंजिनीअरबाई खोटा ओळंबा घेऊन आली, असं शास्त्रीजी गल्लीभर सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी ते जानव्यासाठी स्वतः कातलेलं सूत घेऊन आले. मिस्त्रीच्या दोरीवरही त्यांचा भरवसा नव्हता. त्या पवित्र सुतावर मी लटकलो. तीच वीत.

मग ताई म्हणाल्या, दोन्ही घरांच्या मधे कमानी टाकू, भिंतीला आधार मिळेल. लगेच नवा संशय. आज कमान टेकवतील, उद्या भिंतीवर हक्क सांगतील. शास्त्रीजी हटेनात. काम थांबलं. कमानींवाचून खोली होणार नव्हती, आणि मलाही त्यांच्या मनाचा ठाव लागेना.

चौथ्या दिवशी मावशी त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "शास्त्रीजी, तुमची भिंत पडली तर आधी माझ्या डोक्यावर पडेल. मग हक्क सांगायला कोण उरणार?"

"भिंतीवर हक्क सांगणार नाही, असं लिहून द्याल?"

"देते की. पण मला सही येत नाही, अंगठा उठवीन. तो माझाच का, हेही तपासून घ्या."

ओट्यावरची मंडळी हसली.

"टाका कमानी," शास्त्रीजी म्हणाले. "पण मी रोज मोजणार."

आणि खरंच, रोज मोजायला आले! दिवाळीआधी मावशी आपल्या खोलीत राहायला गेल्या. पाच वर्षं तिथं भजनं म्हणत राहिल्या आणि तिथंच त्यांनी डोळे मिटले.

मित्रांनो, संशय येणं पाप नाही. न मोजता तो मनात जपणं वाईट. माझ्यासारख्यांना अडगळीत काळवंडू देऊ नका. आणि कधी त्या कमानींखालून गेलात, तर क्षणभर थांबून अंबिकामावशींना आठवा.