खिडक्या कोण लावतंय?

लाकडी जमीन बसवणाऱ्या गेरार्डनं आमच्या नव्या घरातल्या कोब्याचा तुकडा फोडला, कुटून लोखंडी बाटलीत घातला, वर कसलीशी पूड टाकली आणि खडखडवली. मग बाटलीवरच्या काट्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

"नाही, ब्रोंकावहिनी. थोडक्यात राहिलंय, पण ओल आहे. यावर ओकच्या पट्ट्या बसवल्या तर फुगून उचकटतील."

"अहो, कोब्याखालचे गरम पाण्याचे पाइप किती दिवस तापतायत! तुम्ही सांगितलं तसं रोज थोडंथोडं तापमान वाढवलं, पूर्ण तापवलं, आता उतरवतोय."

"तापतायत हो, पण वाफ जाणार कुठे? काचा बघा की." काचांवरून पाणी ओघळत होतं. "खिडक्या उघडता ना?"

"उघडता म्हणजे? मी स्वतः उघडते!"

"मग कुणीतरी लावतंय. शुक्रवारी परत बघतो. कोरडा निघाला तर पट्ट्या घालूनच जर्मनीला कामाला जाईन. नाहीतर मग ईस्टरनंतर."

ईस्टरनंतर! म्हणजे अख्खा हिवाळा गेला. माझी सासू पेलागिया त्याच अंगणातल्या जुन्या लाकडी घरात राहते. भिंतींना बुरशी, धुराड्याला तडा, आणि तिचा खोकला तर चर्चपर्यंत ऐकू जातो. आणखी एक हिवाळा त्या घरात काढला तर माझ्या भरवशावर राहू नका, असं नोवी सोंच शहरातल्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. नव्या घरातली तळमजल्यावरची उबदार खोली तिच्यासाठीच होती.

मी नवऱ्यावर, वात्सेकवर घसरले. "तूच लावतोस ना? गॅस वाचवायला? कंजूष मेला!"

"देवाशपथ नाही गं!" तो म्हणाला. बॉयलर कुणी उचलून नेऊ नये म्हणून तो दुपारी आरागिरणीतून आला की नव्या घरातच खाट टाकून झोपायचा. "मी उठतो तेव्हा बंदच असतात. मला वाटायचं, तूच लावतेस."

दुसऱ्या दिवशी मला चैन पडेना. सुपासाठी बीट सोलायला घेतलं, अर्ध्यावर टाकलं. अंगणात गेले, आले, पुन्हा गेले. आणि डोळ्यांदेखत नव्या घराची एक खिडकी बंद झाली. मग दुसरी. मी घरातल्या सपातांनिशी चिखलातून धावले.

पालथ्या बादलीवर चढून सासूबाई खिडकीची कडी फिरवत होत्या. या वयात, बादलीवर!

"आई! अहो, तुम्ही?"

"हळू बोल. झोपलाय तो."

"कप्पाळ माझं! तुमच्यासाठीच तर हा सगळा आटापिटा चाललाय, आणि तुम्हीच पाणी फिरवताय त्यावर?"

त्या हळूच खाली उतरल्या. "घामानं भिजलेलं पोर, आणि दोन्हीकडून वारा. माझा लेशेक वाऱ्यानंच गेला. कापणीचे दिवस होते. खिडकीखाली मीच निजवलं होतं त्याला. आता हा दुसरा नाही द्यायची मी."

वात्सेकच्या भावाचा, लेशेकचा फोटो मी लग्न झाल्यापासून बघत होते. तो कसा गेला हे मात्र आजवर कुणी बोललं नव्हतं. वाऱ्यानं माणूस मरत नाही, असं कुठल्या तोंडानं सांगणार? बसमध्ये समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असल्या तर मी स्वतः ओरडून एक बंद करायला लावते. मला फार वाईट वाटलं, पण म्हणून शुक्रवार थोडाच पुढे जाणार होता!

"वात्सेकला तुमच्याकडे न्या," मी म्हटलं. "शेगडीजवळ झोपवा. इथे मी बसते."

"तू?"

"मला काय धाड भरलीय?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पोराला उठवून घेऊन गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासाठी फक्त 'वात्सेकची बायको' होते. नावानं हाक नाही, मुलगी म्हणणं तर दूरच.

मग मी तिथेच ठाण मांडलं. तापलेल्या कोब्यानं पाय भाजत होते, वाऱ्यानं कान बधिर झाले होते. एका जागी बसवेना. काचा पुसायच्या, कोब्याला हात लावून बघायचा, खालच्या पाइपांशी पुटपुटायचं, पुन्हा काचा. शुक्रवारी सकाळी कधी डोळा लागला कळलंच नाही.

गेरार्डच्या गाडीच्या आवाजानं दचकून उठले. खिडक्या! लावल्या असणार म्हातारीनं!

खिडक्या सताड उघड्या होत्या. वारा भणाणत होता. माझ्या गळ्याभोवती तपकिरी लोकरी शाल दोनदा गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारलेली होती. आणि माझ्या व खिडकीच्या मधोमध, त्याच बादलीवर, वाऱ्याकडे पाठ करून सासूबाई बसल्या होत्या. तोंडावर रुमाल दाबून खोकत होत्या.

"आई, अहो काय हे! तुम्हाला डॉक्टरनं..."

"गप्प बस. त्याला काम करू दे."

गेरार्डनं तुकडा फोडला, बाटली खडखडवली. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो उगाचच वेळ काढतोय असं वाटलं.

"वाळलाय," तो म्हणाला. "आणतो पट्ट्या."

सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"वाळला ना? मग लाव बाबा त्या खिडक्या. पोरगी गारठलीय माझी."