एका कूलरसमोर चौघं

पंच्याण्णव साली नोएडातल्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला कृतिकाने घरच्या चौघांचं चित्र काढून आणलं, आणि तिचे वडील गुलाबराव भडकलेच.

"हे काय गं? माझं नाक तुझ्या भावाच्या कानात, तुझा पाय आईच्या पोटावर! नुसते त्रिकोण-चौकोन!"

"बाबा, क्युबिझम आहे."

"डोंबल!"

आईने चष्मा लावला आणि ती खुदकन हसली. "अहो, हे तर दिल्लीतलं, आर. के. पुरमचं आपलं जुनं एका खोलीचं सरकारी क्वार्टर! उन्हाळ्यात एका कूलरसमोर असेच तर झोपायचो."

गुलाबराव चित्राकडे बघतच राहिले. इथे प्रत्येकाला वेगळी खोली होती, त्यांच्याच हट्टापायी.

दुपारी पाहुणे गेल्यावर त्यांनी हॉलमध्ये चिकटून गाद्या घातल्या, कूलर लावला आणि हाक मारली, "चलो, या सगळे! कृतिका, पाय कुठे टाकायचा ते चित्रात बघून घे."