तळमजल्याचं दार

माझ्या बायकोला दोन्ही डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळतो आणि माझं डावं अंग दोन वर्षांपूर्वी गेलं. तिला दिसत नाही, मला चालवत नाही, आणि आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर. त्यामुळे लिफ्ट हा आमच्या संसारातला तिसरा माणूस आहे. मी अडतीस वर्षं लिफ्टचा मिस्त्री होतो, तेव्हा या तिसऱ्याची मला खडानखडा माहिती आहे. इमारतीतले लोक म्हणतात, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. खरंच नाही.

आमची लिफ्ट जुनी, बाहेरचं दार हाताने ओढायचं. प्रत्येक मजल्याच्या दाराला कुलूप असतं आणि त्या कुलपात काडेपेटीएवढा एक स्विच. दार नीट लागलं, कुलपाची जीभ खाचेत पूर्ण बसली, की तो स्विच जोडला जातो. सहा दारांचे सहा स्विच एकाच तारेवर, हात धरून उभ्या राहिलेल्या पोरांसारखे. एकाने जरी हात सोडला तरी मोटरला वीज मिळत नाही. शिवाय लिफ्ट समोर नसेल तर कुलूप दार उघडूच देत नाही.

डोळे गेले तेव्हा बायको लिफ्टला फार घाबरायची. मीच तिला सांगितलं, दार उघडलं तर लिफ्ट आहे, नाही उघडलं तर नाही, तुला बघायची गरजच काय. महिनाभर तिच्याबरोबर वर-खाली केलं. तेव्हापासून ती दार ओढते आणि सरळ आत पाऊल टाकते. काठी असते, पण ती रस्त्यासाठी.

गेले चार दिवस लिफ्ट रुसून बसत होती. लोकांनी सेक्रेटरीचं डोकं खाल्लं, सेक्रेटरीने मिस्त्रीचं. आज सकाळी अकराला मिस्त्री आला. हा माझाच चेला. हाताला चांगला, पण कायम घोड्यावर बसून आलेला, म्हणून मी त्याला तुफान म्हणतो. दहा मिनिटांत लिफ्ट सुरू करून तो गेला. मला भेटायला वर आला नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

दोन वाजता बायको तिच्या बहिणीकडे गेली. बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि अंथरुणाला खिळलेली आहे. ही रोज तिच्याजवळ बसते आणि साडेचारच्या ठोक्याला परत येते.

चारच्या सुमारास मी घराचं दार उघडं टाकून खुर्चीत बसलो होतो. समोरच लिफ्ट. शेजारीण घाईघाईने लिफ्टमध्ये शिरली आणि बाहेरचं दार मागे तसंच सोडलं. चांगली चार बोटं फट राहिली. आणि लिफ्ट खाली निघाली.

दार उघडं असताना लिफ्ट हलूच शकत नाही. हलली, याचा अर्थ कोणीतरी त्या सहाही पोरांना घरी पाठवून त्यांच्या जागी एक तार जोडली होती.

तुफानला फोन लावला. दोष शोधताना आम्ही सगळेच तसं करतो. पॅनलमध्ये तारेचा तुकडा टाकून दारांचे स्विच वगळायचे, लिफ्ट चालली तर बाकी सगळं ठीक आहे असं समजायचं आणि तार काढून घ्यायची. तो म्हणाला, तार टाकली, लिफ्ट चालली, सेक्रेटरी खूश झाला, तेवढ्यात दुसरीकडे माणूस अडकल्याचा फोन आला. तो पळाला आणि तार राहिली. चालणाऱ्या लिफ्टची तक्रार कोण करणार?

"दोष कुठल्या दारात होता?" मी विचारलं.

"तळमजल्याच्या, मास्तर. कुलपाची जीभ पार झिजलीय. लिफ्ट नसली तरी ओढलं की उघडतंय ते. उद्या नवं कुलूप घेऊन येणारच होतो."

म्हणजे चार दिवस तो एवढासा स्विच खरं बोलत होता, की माझं दार धड लागत नाही. सगळ्यांनी मिळून त्याचंच तोंड बंद केलं. तळमजल्याच्या दारामागे साडेचार फूट खोल खड्डा आहे, तळाशी लोखंडी स्प्रिंगा, आणि वरून केव्हाही खाली येणारी लिफ्ट. तुफान शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. निघतो म्हणाला, पण तास लागेल.

सव्वाचार झाले. सेक्रेटरीला तीनदा फोन केला, त्याने उचलला नाही. का उचलेल? बटणाचा दिवा गेला, पंखा घरघरतो, दार करकरतं, असल्या वीस तक्रारी मी यंदा केल्यात. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची जी गत झाली तीच माझी. बायकोला फोन केला तर तो आमच्याच स्वयंपाकघरात वाजला. मेहुणी म्हणाली, ती आत्ताच निघाली. पुढे तिने विचारलं, काय झालं? अंथरुणात पडलेल्या बाईला काय सांगणार? काही नाही म्हणालो.

शेजारीण खाली उतरली होती, म्हणजे लिफ्ट तळमजल्यावरच होती. ती तिथेच राहिली तर प्रश्न नव्हता. लिफ्ट बोलवायचं एक बटण मी खुर्चीशेजारी लावून घेतलंय, त्याला हात लावला नाही, नुसता दोराचा आवाज ऐकत बसलो. पाच मिनिटं शांतता. मग दोर करकरले. कोणीतरी खालून आत शिरलं आणि तिसऱ्यावर उतरलं. मी बसल्या जागेवरून हाक मारली. खाली कोणाचं तरी घराचं दार लागलं.

मग एकच उपाय उरला. मी बटण दाबून लिफ्ट वर मागवली आणि वॉकर ओढत निघालो. खुर्चीपासून लिफ्ट आठ पावलांवर आहे. धडधाकट माणसाची आठ. माझी किती ते विचारू नका. लिफ्ट येऊन उभी होती, मी अजून उंबऱ्यातच. बायकोला वाचवायला निघून मीच खालचा खड्डा आणखीच उघडा करून ठेवला होता. डावा पाय उंबऱ्याला अडला. मी त्याला शिव्या दिल्या, मांडीवर बुक्की मारली. मेल्या पायाला कसली लाज?

आत शिरलो, तळमजल्याचं बटण दाबलं. चार, तीन, दोन. एकेक मजला जाताना मी खालची चाहूल घेत होतो. तिने आत्ताच दार ओढलं, तर मीच तिच्या डोक्यावर उतरणार होतो. आयुष्यभर लिफ्ट चढवल्या-उतरवल्या, पण असा भ्यालो नव्हतो.

लिफ्ट टेकली. आतलं लाल बटण दाबलं. ते लिफ्ट जागच्या जागी अडवतं आणि त्याची तार वेगळी असते. मग मी भिंतीला घसटत खाली बसलो. वर लगेच दारं बडवायला सुरुवात झाली. जिन्यातून सेक्रेटरीचा आवाज आला, लिफ्ट कोणी अडवली म्हणून. मी ओरडून सांगितलं, मिस्त्री येईपर्यंत कोणी दाराला हात लावू नका. त्यावर कोणीतरी हसलं.

मग काठीची टकटक ऐकू आली. फरशीवरून, पायरीवरून, दारापर्यंत. दार ओढलं गेलं आणि तिचं पाऊल आत पडलं. हात पुढे नव्हता, काठी पुढे नव्हती. मी नसतो तरी ते पाऊल असंच पडलं असतं.

तिचा पाय माझ्या गुडघ्याला लागला. "कोण आहे?"

"मी."

"अहो, तुम्ही खाली बसलात? पडलात का?"

मी तिला सगळं सांगितलं. तार, झिजलेलं कुलूप, खड्डा. काही लपवलं नाही. ती पाठीमागचं दार धरून ऐकत राहिली. मी तुफानला मनसोक्त शिव्या घातल्या, तेव्हा तिने मला थांबवलं.

"तुम्ही कधी अशी तार ठेवून घरी आला होता का?"

अडतीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळ झालेली असायची, लोक ओरडत असायचे, नवं कुलूप दुसऱ्या दिवशी मिळणार असायचं. तेव्हा माझा पाय धड होता आणि तिचे डोळेही. नाही म्हणणं अगदी सोपं होतं, तिने ते मानलंही असतं.

"हो," मी म्हणालो. "बऱ्याचदा."

वर कोणीतरी दार बडवतच होतं. लिफ्ट तळमजल्यावर घट्ट उभी होती, मी बायकोच्या पायाशी बसलो होतो. माझ्याजवळ बसायला तिने एक पाय उचलला, बोटांनी पुढची फरशी चाचपली, पुन्हा चाचपली, आणि मगच टेकवला.